स्क्रीनशॉट बंद केला, पुढे काय?

महोदय,

नाशिकच्या कॉलेज रोडवरचे क्लासेस असोत की जिल्ह्यातल्या पतसंस्था, आता बरेच जण स्वतःचं अ‍ॅप काढतात. ‘आमच्या अ‍ॅपमध्ये स्क्रीनशॉटच निघत नाही’ हे विकणाऱ्याचं ठरलेलं वाक्य. सोय उपयोगाची आहे. पण ती काय अडवते आणि काय नाही, हे पैसे मोजणाऱ्याने आधी विचारून घ्यावं.

अँड्रॉइडमध्ये हे काम ‘फ्लॅग सिक्युअर’ नावाच्या खुणेने होतं. प्रोग्रामरला हे एका ओळीचं काम. त्याचा वेगळा दर लावला असेल तर घासाघीस करायला हरकत नाही. ही खूण लावली की स्क्रीनशॉट निघत नाही, रेकॉर्डिंगमध्ये किंवा टीव्हीवर कास्ट करताना ते पान काळं दिसतं आणि अलीकडे वापरलेल्या अ‍ॅपच्या यादीतही आतला मजकूर झाकलेला राहतो. मात्र खूण लागते ती एकेका विंडोला. पानावर उघडणारी छोटी चौकट ही वेगळी विंडो असते. तिला खूण लावायची राहिली, तर रेकॉर्डिंगमध्ये मागचं पान काळं आणि चौकटीतला खाते क्रमांक मात्र लख्ख. त्यामुळे अ‍ॅप ताब्यात घेताना नुसता स्क्रीनशॉट काढून बघू नये. स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवून एकेक चौकट उघडून पाहावी.

आयफोनवर अ‍ॅपला स्क्रीनशॉट अडवण्याची अधिकृत सोयच नाही. तो निघाल्यावर अ‍ॅपला फक्त कळतं. रूट केलेल्या, म्हणजे आतली बंधनं काढून टाकलेल्या, अँड्रॉइडवर ही खूण काढून टाकता येते. तोच मजकूर वेबसाइटवरही दिसत असेल, तर संगणकावरचं प्रिंट स्क्रीनचं बटण पुरे. आणि दुसऱ्या फोनने समोरून फोटो काढला, तर कुठलंच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. म्हणून क्लासवाल्यांनी नोट्सवर विद्यार्थ्याचा मोबाइल नंबर फिकट अक्षरांत, जागा बदलत राहील असा छापावा. फोटो निघेल, पण कोणाच्या खात्यातून बाहेर गेला ते कळेल.

थोडक्यात, ही सोय फोनमधल्या इतर अ‍ॅपपासून राखण करते, फोन हातात धरणाऱ्यापासून नाही. तीही अर्धीच. व्हॉट्सअ‍ॅपवर वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाने येणारी एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची, फाइल बसवली आणि तिने मागितलेली अ‍ॅक्सेसिबिलिटीची (दिव्यांगांच्या मदतीसाठी असलेल्या सोयीची) परवानगी दिली, की ती पडद्यावरचा मजकूर थेट वाचू शकते. तिला चित्राची गरजच पडत नाही. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन अनोळखी अ‍ॅप चालू दिसलं तर लगेच बंद करावं. स्क्रीन शेअर करायला लावणाऱ्या भामट्याला बँकेचं पान काळं दिसलं, तरी वरून उतरणारा ओटीपीचा मेसेज दिसू शकतो. अँड्रॉइड 15 मध्ये शेअरिंग चालू असताना ओटीपी झाकला जातो. जुन्या फोनवर ही सोय नाही.

सर्वांत जास्त अडचण होते ती प्रामाणिक ग्राहकाची. लासलगावच्या शेतकऱ्याने पैसे पाठवले, रक्कम वजा झाली आणि पडद्यावर ‘व्यवहार अपूर्ण’ आलं. शाखेत दाखवायला पुरावा हवा आणि स्क्रीनशॉट तर बंद. मग तो घाईघाईत 12 अंकी संदर्भ क्रमांक कागदावर उतरवतो, त्यात एक अंक चुकला की व्यवहार शोधायलाच वेळ जातो. अ‍ॅप काढणाऱ्या पतसंस्थांनी पिन, कार्ड आणि शिलकीच्या पानांवर खुशाल बंदी ठेवावी. पावतीच्या आणि अपयशाच्या पानावर मात्र ती नको. तिथे खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकावेत, संदर्भ क्रमांकाशेजारी ‘कॉपी’ आणि खाली पीडीएफ पावतीचं बटण द्यावं. अ‍ॅपच्या पुढच्या अपडेटमध्ये एवढं सहज बसतं.

– एक मोबाइल अ‍ॅप तंत्रज्ञ, इंदिरानगर, नाशिक