बाबांचं मळब

प्रिय बाळ्या,

चार महिने झाले, तुझ्या दोन मेसेजना उत्तर नाही, फोन आला तोही घेतला नाही, रागावला असशील तर रागाव. आई बरी आहे, माझी शुगर आहे तिथेच आहे, बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन जूनमध्ये झालं, व्यवस्थित झालं. पण लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणासाठी, घरात सांगितलं तर म्हणतील एवढंच ना, तुला कळेल.

आपल्या वाचनालयात तो जुना टीव्ही पडून होता ना, त्याला मी माझा रास्पबेरी पाय थ्री, तो तळहाताएवढा कॉम्प्युटर, जोडला आणि बाबांनी रंगवलेल्या नाटकाच्या पडद्यांचे फोटो फिरते लावले. महाल, रस्ता, आणि समुद्राकाठच्या संध्याकाळचा तो मोठा, १९८७चा, गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीचा. पडदे आता उलगडायच्या लायकीचे राहिले नाहीत रे, बुरशी धरलीय, सरस सुटलाय, हात लावला की रंगाची पूड बोटाला येते. बाबांना हौसेने घेऊन गेलो. खुर्ची पुढे ओढून बसले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हें म्हजें मळब न्हय." हे माझं आभाळ नव्हे.

मग उठून बोट लावून दाखवलं. केशरी निळ्यात मिसळतो तिथे पट्टे पडलेत, गोधडी शिवल्यासारखे, आणि हा राखाडी ढग हिरवट कसा, मी ढगात हिरवा कधी घालत नाही. मी स्क्रीनकडे धड बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, बाबा, ऑपरेशननंतर रंग थोडे दिवस वेगळे दिसतात, डॉक्टर म्हणाले होते ना. ते गप्प झाले, घरी येईपर्यंत एक शब्द नाही.

आणि मग काय झालं माहीत आहे? चित्रशाळेतून बोलावणं आलं, गणपतींचे डोळे आखायला. इतकी वर्षं शेवटचा तो हात बाबांचाच. यंदा म्हणाले, "आतां जमचें ना." ब्रश कापडात गुंडाळून डब्यात ठेवले. मी ऐकलं आणि तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही की हे माझ्या त्या वाक्यामुळे.

गेल्या आठवड्यात वाचनालयात एकटाच होतो, लाइट गेली आणि परत आली, रास्पबेरी पाय परत चालू झाला आणि समोर तेच आभाळ. पट्टे होते! मोजता येतील असे. त्याचं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, सेटिंगची कॉन्फिग फाइल उघडली तर त्यात मीच कधीतरी घातलेली ओळ, फ्रेमबफर डेप्थ १६, म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला सोळा बिट. सोळा बिट म्हणजे लाल आणि निळ्याला ३२-३२ छटा, हिरव्याला ६४, सगळे मिळून ६५,५३६ रंग. ऐकायला खूप वाटतात, पण हळूहळू उतरत जाणाऱ्या आभाळाला पुरत नाहीत, मधल्या छटाच नसतात मग पायऱ्या दिसतात. आणि हिरव्याच्या पायऱ्या बाकीच्या दोघांशी जुळत नाहीत म्हणून राखाडीत कुठे हिरवट कुठे जांभळट झाक येते. बाबांनी शब्द न शब्द बरोबर सांगितलं होतं, ऑपरेशन झालेल्या डोळ्याने!

आता हस, कारण हे भांडण तू जिंकलास. फोंड्याच्या त्या कॉम्प्युटर क्लासमधलं, विंडोज ९८, सोळा बिटचा हाय कलर की त्याहून जास्त छटांचा ट्रू कलर. मी म्हणायचो डोळ्याला काय कळतंय, सोळावर ठेव, गेम पळतो. तू दोन दिवस बोलला नव्हतास, माझ्या वाटणीची पातळभाजीसुद्धा खाल्लीस. बरोबर होतास तू. आणि मी वाचवलं तरी काय, तर १३६६ बाय ७६८च्या स्क्रीनला सोळा बिटला साधारण दोन एमबी लागतात, बत्तीसला चार. एक जीबी मेमरीच्या मशीनमध्ये दोन एमबी!

ओळ बदलून ३२ केली. रेझोल्यूशनही चुकीचंच होतं, टीव्ही १३६६चा आणि मी जबरदस्तीने १०८०पी पाठवत होतो, सगळं किंचित पुसट. एचडीएमआय ग्रुप २, मोड ८१, म्हणजे टीव्हीचंच १३६६ बाय ७६८ माप, केलं तेव्हा नारळीची पाती सुटी सुटी दिसायला लागली. (नवीन सिस्टीम टाकलीस तर या ओळींना ती विचारत नाही, सीएमडीलाइन फाइलमध्ये लिहावं लागतं, माझं कार्ड जुनं.) तरी कडा कापल्या जात होत्या, तो टीव्हीचा स्वतःचा झूम निघाला, मेनूतून काढला तेव्हा खालच्या कोपऱ्यातली बाबांची सही आणि ८७ दिसलं. इतके दिवस सहीच बाहेर होती रे.

शनिवारी बाबांना परत नेलं. म्हटलं, बाबा, तुमचे डोळे बरोबर होते, मशीन मी चुकीचं लावलं होतं. त्यांनी जवळ जाऊन तो ढग बघितला, मग खाली बोट ठेवून म्हणाले, हांगा पाऊस गळिल्लो. खरंच डाग आहे तिथे. माझ्या बोलण्यावर फक्त "बरें" म्हणाले. ब्रश अजून डब्यातच आहेत, चवथ दहा दिवसांवर आली, चित्रशाळेत मूर्ती बिनडोळ्यांच्या रांगेत उभ्यात आणि मला झोप लागत नाही.

वहिनींची बदली झाली का? धाकट्याची दहावी यंदाच ना, त्याला सांग काका विचारत होता.

माझं एक काम कर. तू त्यांना फोन कर. लहानपणी करवंट्यांत रंग कालवून द्यायला तूच बसायचास, मी पळून जायचो, तुझं ते ऐकतील. डोळ्यांचा विषय काढू नकोस. जंगलाचा पडदा तुमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आहे असं ते म्हणतात, त्याचंच विचार, त्यातला हिरवा कसा केला होता विचार. रविवारी सकाळी दहाच्या आत कर, मग ते भजनाला जातात, आणि जरा मोठ्याने बोल.

तुझाच,
भाई