उडीसाठी नाव दिलेल्या सदस्यांसाठी सूचना

मंडळी, स्कायडायव्हिंगच्या टँडम उडीसाठी, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन विमानातून पॅराशूटने मारायच्या उडीसाठी, तालुक्याला जाऊन जिम लावायची गरज नाही. सकाळी ऊन तापायच्या आत, उपाशीपोटी, अंगणातच सराव करा.

ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने खाली येताना कंबर पुढे, छाती फुलवलेली आणि पाय गुडघ्यात वाकवून मागे, अशी कमान धरावी लागते. त्यासाठी भुजंगासन, शलभासन, धनुरासन. दिवसभर वावरात वाकून निंदण करणाऱ्यांनी ही हळूहळूच वाढवावीत.

उतरताना मात्र दोन्ही पाय समोर उचलून धरायचे असतात. माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे. ओसरीत भिंतीला टेकून बसा, पाय सरळ उचला, थांबा, सोडा.

खांदा कधी निखळला असेल, पाठीचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका.