बाबांचा सोनोग्राफीचा अहवाल आणि घरातला औषधांचा डबा

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दादाने मोबाइलवर पाठवलेला बाबांचा अहवाल मी नीट वाचला. ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ (म्हणजे यकृतात मध्यम प्रमाणात साठलेली चरबी) या ओळीवर तुम्ही दोघांनी “आता काय, सगळ्यांनाच असतंय ते” म्हणून विषय मिटवलात. ते पुष्कळांना असते हे खरे. पण ज्यांना रोज चार-पाच गोळ्या घ्याव्या लागतात त्यांनी हा अहवाल औषधांच्या अंगानेही वाचायला हवा. माझे कामच औषधांचे असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आपण गिळलेली बहुतेक औषधे आतड्यातून रक्तात उतरली की आधी यकृतात पोचतात. तिथे सायटोक्रोम पी-४५० या गटातली विकरे (एन्झाइम) त्यांचे रूप पालटतात, आणि पुष्कळदा त्यानंतर त्यांना पाण्यात सहज विरघळणारा एखादा रेणू जोडला जातो, म्हणजे ती लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर पडू शकतात. बाबांसारखे वजन वाढून यकृतात चरबी साठल्यावर हे सगळेच काम मंदावते असे नाही. काही विकरे मंदावतात, तर काही उलट जास्त जोराने चालतात. पोटाच्या चरबीतून आणि दाह झालेल्या यकृतातून रक्तात मिसळणारे इंटरल्यूकिन-६ सारखे दाहाचे घटक याच गटातल्या सीवायपी ३ए४ नावाच्या विकराची निर्मिती दाबतात, आणि बाबांची रक्तदाबाची ॲम्लोडिपिन व कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिन या दोन्ही गोळ्या मुख्यतः याच विकराच्या हातून जातात. म्हणून त्या बंद कराव्यात किंवा अर्ध्या घ्याव्यात, असा अर्थ कृपा करून काढू नका. डॉक्टर रक्तदाब मोजून आणि रक्ततपासणी पाहूनच मात्रा ठरवतात. शिवाय फॅटी लिव्हर असलेल्यांना ॲटोर्वास्टॅटिनसारखे स्टॅटिन सहसा चालते. साखरेच्या मेटफॉर्मिनचे पचन तर यकृतात होतच नाही, ते जसेच्या तसे मूत्रपिंडावाटे जाते, तेव्हा त्यासाठी मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या रक्ततपासणीवर लक्ष असले म्हणजे झाले.

मला खरी काळजी आहे ती गुडघ्यासाठी घेतल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलची. त्याचा मोठा भाग यकृत निरुपद्रवी करून बाहेर टाकते, आणि वजनदार माणसात हे काम उलट अधिक वेगाने होते. त्यामुळे गोळीचा असर लवकर ओसरल्यासारखा वाटून दुसरी घेण्याचा मोह होऊ शकतो. मात्र थोड्या भागापासून सीवायपी २ई१ हे विकर एक विषारी पदार्थ बनवते. यकृतातले ग्लुटाथायोन त्याला निकामी करते, पण त्याचा साठा मर्यादित असतो. आणि स्थूलपणात व फॅटी लिव्हरमध्ये नेमके हेच विकर वाढलेले असते. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या. बाबांनी आपल्यासाठी त्याहून खालची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतेच, ते हिशेबात धरावे. नियमित दारूनेही हेच विकर वाढते, एवढेच लिहिते. यात्रेच्या दिवसांत मित्रमंडळींबरोबर होणाऱ्या ‘थोड्याशा’विषयी बाबांना अधिक सांगायला नको.

“माझं अंग मोठं, एका गोळीनं काय हुतंय?” हे बाबांचे म्हणणे आपल्या येळ्ळूर गावातल्या अर्ध्या गल्लीचेही आहे, पण ते बरोबर नाही. वाढलेल्या वजनात चरबी अधिक असते आणि चरबी औषधाचे पचन करत नाही. वजन दीडपट झाले म्हणून यकृताची ताकद दीडपट होत नाही. काकांनी झोपेसाठी दिलेली डायझेपामची गोळी चरबीत साठून राहते, आणि स्थूल शरीरातून ती बाहेर पडायला कितीतरी जास्त वेळ लागतो. रोज घेतली तर ती अंगात साचत जाते, म्हणून सकाळी परसात जाताना बाबांचा तोल जातो तो केवळ वयामुळे, असे मी मानणार नाही. तरीही त्यांनी ती बरेच दिवस रोज घेतली असेल तर एकदम सोडू नये. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करावी.

आई, एक काम तुझ्याकडे. कुंद्याच्या मिठाईच्या रिकाम्या डब्यात तू औषधे ठेवतेस, त्यांतल्या कात्रीने कापलेल्या कित्येक पट्ट्यांवर नुसते ‘मोल’ किंवा ‘पिन’ उरले आहे. ज्यांचे पूर्ण नाव वाचता येत नाही त्या बाजूला काढ, आणि उरलेल्यांचे फोटो दादाकडून मला पाठव. गुळवेलीच्या काढ्याची बाटलीही त्यांतच धर, कारण तो घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहे.

बाबांचे वजन ८८ किलो आहे. त्यातले ७ ते १० टक्के, म्हणजे सहा ते नऊ किलो, सावकाश उतरले तर यकृतातली चरबी आणि दाह दोन्ही कमी होतात, आणि मंदावलेले विकरही सुधारू शकते. अशा वेळी रक्तदाबाची आणि साखरेची मात्रा पुन्हा तपासावी लागते, म्हणून वजन उतरत असताना तपासणी चुकवू नये. रात्रीचा भात निम्मा करण्याचे आईने मनावर घेतले आहे, ते उत्तमच. आपल्या घरच्या बासमतीपुढे ते अवघड आहे हे मला ठाऊक आहे.

डॉक्टरांकडे जाताना अहवाल आणि सगळ्या पट्ट्या पिशवीत घेऊन जा. बाबा, त्यांच्याशी कानडीतच बोला, पण डायझेपामचे आणि गुडघ्याच्या गोळ्यांचे स्वतःहून सांगा; ते विचारतील याची वाट पाहू नका. दिवस ठरला की दादाला कळवा, म्हणजे त्या वेळी मी फोनवर असेन.

तुमची,
लेक