हाड बसवलं, पण दातांचं काय?

संपादक महोदय,

कालच्या अंकातली 'पायाच्या हाडापासून वरचा जबडा' ही बातमी वाचली. डॉक्टरांचं कौतुक आहेच. पिंडरीतलं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढायचं, त्याला जबड्याचा आकार द्यायचा आणि त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडायच्या, हे लहान काम नाही. पण तुमची बातमी टाक्यांपाशीच संपली. पेशंट आता काय खातो, एवढं तरी वार्ताहराने विचारायचं होतं.

माझ्या मोठ्या भावाचा वरचा जबडा २०२१ च्या काळ्या बुरशीत गेला. कोरोना, त्यात शुगर, वरून स्टेरॉइड. ही बुरशी रक्तवाहिन्या बंद पाडते आणि हाड जागीच मरतं. ते काढण्यावाचून इलाज नसतो. जीव वाचला, त्याबद्दल तक्रार नाही. पण टाळूला भोक पडलेला माणूस घरात कसा जगतो, ते आम्ही पाहिलं. पाणी प्यायलं की नाकातून बाहेर. बोलणं असं, की फोनवर त्याच्या पोरीलाही कळेना. भोक झाकायला दातांची प्लेट दिली होती, ऑब्ट्युरेटर म्हणतात ती. जखम भरत गेली तशी आतली जागा बदलली, प्लेट ढिली झाली, काठ घासून हिरडी सोलून निघाली. दुरुस्तीला गेलो तर काउंटरवर सांगितलं, "ऑपरेशन योजनेत झालं, दात योजनेत बसत नाहीत." दात म्हणजे काय चैन आहे? भाऊ ज्वारीची भाकर वरणात पार कुस्करून गिळतो. पंगतीत बसणं त्याने सोडलं. गावात लग्न असलं की तो वावरात निघून जातो.

हाड उरलं नसलं तरी गालाच्या हाडात ३० ते ५० मिलिमीटर लांबीचे इम्प्लांट रोवून त्यावर दात बसवता येतात, हे एका तरुण डॉक्टर मॅडमनी आम्हाला कागदावर काढून समजावलं. त्याआधी कोणीच सांगितलं नव्हतं. खर्च ऐकून भाऊ म्हणाला, "सोयाबीन निघू दे, मग पाहू." सोयाबीन निघालं, पैसा कर्जात गेला.

विदर्भातलं शासकीय दंत महाविद्यालय नागपुरात. पार गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या माणसाने नुसती प्लेट घासून घ्यायला तिथवर जायचं का? जिल्हा रुग्णालयात ठरल्या दिवशी ही सोय का होऊ नये, आणि जबडा काढण्याच्या खर्चातच दातांचा खर्च का धरू नये, हे तुमच्या वार्ताहराने मंत्र्यांना विचारावं. २०२१ मध्ये काळ्या बुरशीवर रोज मथळे होते. ती माणसं अजून गावोगाव तोंडाला रुमाल लावून फिरताहेत.

आणखी एक. त्याच पानावर खाली वेलचीची मोठी रंगीत जाहिरात आहे. त्या ब्रँडचं नाव आमच्याकडे पोरासोरांना पानमसाल्याचं म्हणूनच माहीत आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली, तरी आमच्या चौकात सकाळी सातपासून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला जातो. कॅन्सरने जबडा गेलेले आमच्याच तालुक्यात कमी नाहीत. जबड्याच्या बातमीखाली असली जाहिरात कृपया छापू नका.

आपला नियमित वाचक,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा