ट्राउटची काठी आणि दोरीचे मासे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यावर आलेल्या लेखात, ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी ‘मिळेल तितका हलका फ्लाय रॉड (पिसांचा गळ टाकायची काठी) घ्यावा’ असे एक वाक्य आहे. लेख चांगला आहे, पण हे वाक्य महागात पडणारे आहे. दुकानात काठ्या हातात तोलून सर्वांत हलकी उचलली, की नदीवर हमखास पंचाईत होते. हलक्या काठ्यांना ‘अल्ट्रालाइट’ म्हणतात खरे, पण हा शब्द काठीच्या वजनाबद्दल नाही, दोरीच्या वजनाबद्दल आहे.

कृष्णेवर आपण गळ टाकतो तेव्हा शिसे पुढे जाते आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. फ्लायचे उलटे. पिसे गुंडाळलेल्या त्या बारक्या गळाला वजन जवळजवळ नसतेच. फेकली जाते ती जाड, प्लास्टिकचा लेप असलेली दोरी, आणि गळ तिच्या शेपटाला लोंबत जातो. काठीच्या बुडाशी छापलेला १, २, ३, ४ हा आकडा म्हणजे ती काठी कोणत्या वजनाच्या दोरीसाठी बनवली आहे, ते. दोरीचे पहिले ३० फूट तोलून हा आकडा ठरतो आणि माप असते ग्रेनचे: १ नंबर ६० ग्रेन, २ नंबर ८०, ३ नंबर १००, ४ नंबर १२०, ५ नंबर १४०. विटा-खानापूरकडच्या, सोने-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांना हे सोपे जाईल, कारण जुना तोळा १८० ग्रेनचा आणि मासा १५ ग्रेनचा. म्हणजे १ नंबरची दोरी बरोबर चार मासे आणि ४ नंबरची आठ मासे. (मासा धरायला माशांनीच तोललेली दोरी, हा योग आपल्याच भाषेत जुळतो.) ग्रॅममध्ये हे अनुक्रमे ३.९ आणि ७.८, आठ मासे म्हणजे दहा रुपयांच्या एका नाण्याएवढे वजन. ३ नंबर आणि त्याखालच्या काठ्यांना सर्वसाधारणपणे अल्ट्रालाइट म्हणतात.

खरी मेख त्या ३० फुटांत आहे. तीर्थनसारख्या ओढ्यावजा, दगडधोंड्यांच्या नदीत दोन धोंड्यांमधल्या डबक्यात गळ टाकायचा असतो आणि शेंड्याबाहेर दोरी असते जेमतेम १५ फूट. मग ३ नंबरच्या दोरीचेही निम्मेच वजन काठीवर येते, दोरीचे टोक निमुळते असल्याने निम्म्याहूनही कमी. काठी कडक, म्हणजे फक्त शेंड्यात वाकणारी असेल, तर एवढ्या वजनाने ती वाकतच नाही. नवखा माणूस मग मनगटाने जोर लावतो आणि दोरी पुढ्यातच गुंतवळ होऊन पडते. त्याला वाटते आपला हात कच्चा आहे; बऱ्याचदा काठीच चुकीची असते. अशा पाण्यासाठी मध्यापर्यंत किंवा पार बुडापर्यंत वाकणारी मऊ काठी हवी. ग्लास फायबरच्या काठ्या इथे उत्तम. त्या कार्बनपेक्षा थोड्या जड असतात आणि दुकानात हलवून पाहिल्यावर लोळागोळा वाटतात, म्हणून गिऱ्हाईक त्या परत ठेवते. कडक काठी आधीच घेतली असेल तर तिच्यावर एक नंबर जड दोरी चढवावी, जवळच्या फेकीत फरक लगेच जाणवतो. लांब, ४० फुटांच्या फेकीत मात्र तीच दोरी काठीला जड होते.

मग १ नंबर का नको? वाऱ्यामुळे. डोंगरी खोऱ्यात ऊन तापले की दुपारी खालून वर वारा सुटतो. वनकुसवड्याच्या पठारावर उभे राहिलेल्यांना वाऱ्याची ताकद वेगळी सांगायला नको. दोरी बारीक होते तसे तिचे वजन झपाट्याने घटते, वारा अडवणारी जाडी मात्र त्या प्रमाणात घटत नाही. चार माशांची दोरी अशा वाऱ्यात परत अंगावर येते. शिवाय तळाशी बुडवायचे, पितळी किंवा टंगस्टनचा मणी ओवलेले गळ तिला ओढवत नाहीत. आमच्या मते अल्ट्रालाइटच हवी तर साडेसात फुटी, ३ नंबर, मध्यम वाकाची घ्यावी. आयुष्यात एकच काठी घ्यायची असेल तर आठ फुटी ४ नंबर. १-२ नंबर ही दुसरी काठी म्हणून हौसेची चीज आहे. आणि बियासच्या मोठ्या पात्रावर यातली कोणतीच नको, तिथे ५ नंबर लागते.

लांबीचा प्रश्न झाडीशी जोडलेला आहे. सहा-साडेसहा फुटी काठी फांद्यांखाली सोयीची, पण तिने मधल्या धारेवरून दोरी उचलून धरता येत नाही. धार दोरीला ओढते, दोरी गळाला फरफटवते आणि ट्राउट अशा गळाकडे ढुंकून बघत नाही.

विकत घेताना शेंड्याच्या रिंगमधून कापसाची वात ओढून पाहावी. कुठे चीर किंवा कुसळ असेल तर तंतू अडकतात. तीच चीर पुढे महागाची दोरी सोलते. सांधे जोडताना जोर करू नये. वरचा तुकडा खालच्यावर टोपणासारखा बसत असेल, तर रिंगा पाव वळसा तिरप्या धरून, दाबत सरळ रेषेत आणाव्यात. आत खुंटी असलेला सांधा मात्र न पिळता सरळ दाबायचा. त्यात दोन तुकड्यांमध्ये काही मिलिमीटर फट मुद्दाम ठेवलेली असते. तो दोष नव्हे. उलट फट उरली नसेल तर सांधा झिजला आहे. सैल सांध्याला साधी मेणबत्ती घासावी, तेल कधीच नाही. रीळ लावून काठी एका बोटावर तोलली तर तोल बुचाच्या मुठीच्या पुढच्या टोकाशी यायला हवा. शेंडा खाली झुकत असेल तर दिवसअखेर मनगट भरून येते, आणि अशा वेळी थोडे जड रीळच बरे.

सांगलीहून जाणाऱ्यांनी चार तुकड्यांचीच काठी घ्यावी. तिची नळी दोन-सव्वादोन फुटांची होते आणि गोवा एक्स्प्रेसच्या बाकाखाली जाते. कार्बनमधून वीज वाहते. रेल्वेच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात, तेव्हा फलाटावर हौसेने काठी जोडून दाखवू नये. शेतातल्या विजेच्या तारांखालीही तेच.

काठ्या माशाच्या ओढीने क्वचित मोडतात. मोडतात त्या मासा पायाशी आला असताना काठी उभ्याच्याही मागे नेल्याने. सगळा वाक शेंड्याच्या फूटभरात येतो आणि कट्! दुसरे कारण म्हणजे मण्याचा गळ फेकताना काठीवर आपटणे. तेव्हा काही दिसत नाही, आठवड्याने तिथेच मोडते.

दोरीपुढे साडेसात फुटांचा लीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा तंगूस, आणि त्याला दीड-दोन फूट टिपेट, म्हणजे गळ बांधायचा सर्वांत बारीक तंगूस. टिपेटचा आकडा ११ मधून वजा केला की इंचाच्या हजारांशात जाडी मिळते. ५ एक्स म्हणजे सहा हजारांश, साधारण ०.१५ मिलिमीटर. गळाच्या नंबराला तीनने भागले की कोणते टिपेट ते कळते: १६ नंबरच्या गळाला ५ एक्स. गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करावी, कोरडी ओढली तर घर्षणाने तापून तंगूस तिथेच अर्धमेला होतो. हलक्या काठीवर मासा खेळवण्याची मजा लांबवू नये. काठी आडवी ठेवून बुडाच्या ताकदीने त्याला लवकर आणावे, ओल्या हाताने धरून सोडावे. पाणी २० अंशांवर गेले असेल तर दमलेली ट्राउट सोडूनही जगेलच असे नाही. त्या दिवशी गळ गुंडाळलेला बरा.

हिमाचलात मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट बंद असते. त्या चार महिन्यांत इथे सराव करावा. गवतावर शाळेचे मैदान पुरते, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधावा. मागे झाडी असताना दोरी पाण्यावरून गुंडाळत पुढे टाकण्याची फेक मात्र गवतावर येत नाही, तिला पाण्याची पकड लागते. त्यासाठी सांगलीत आयर्विन पुलाखाली किंवा साताऱ्याजवळ संगम माहुलीला जावे. तिथली चिलापी (तिलापिया मासा) १४ नंबरच्या गळाला येते आणि ३ नंबरची काठी झकास वाकवते. तलावांवर आधी ठेकेदार संस्थेला विचारावे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या पाण्यात काठी काढूच नये.

आपले,
गळ टाकणारे काही वाचक, सांगली