'आजचे कार्यक्रम'मध्ये एए मीटिंगची वेळही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात रोज 'आजचे कार्यक्रम' येतं, कीर्तन, व्याख्यान, रक्तदान शिबिर, सगळ्याची वेळ आणि पत्ता. त्यात एक ओळ वाढवा एवढं मागायला हे पत्र लिहितेय. आपल्या जिल्ह्यात कुठल्या वारी, किती वाजता, कुठे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची म्हणजे एएची, दारू सोडायला एकमेकांना साथ देणाऱ्यांच्या ग्रुपची मीटिंग असते ते छापा, आणि पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी असतो त्या अल-अनॉन ग्रुपची असेल तर तीही.

माझ्या धाकट्या भावाची दारू सुटावी म्हणून घरच्यांनी काय काय नाही केलं, पंढरपूरला नेऊन माळ घातली, आईच्या गळ्याची शपथ झाली, शेवटी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तिथून चांगला होऊन आला हो, पण घरी आल्यावर तेच मित्र, तोच चौक आणि संध्याकाळी सात वाजले की जीव नुसता कासावीस. त्या वेळेला कुठे जाऊन बसायचं, कोणाशी बोलायचं हे डिस्चार्जच्या कागदावर कुठेच नव्हतं. आणि एएचा ग्रुप होता कुठे, तर आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका शाळेच्या वर्गात, वर्षानुवर्षं चालू! गल्लीत कोणाला पत्ता नाही. आम्हाला तो कळला एका रिक्षावाल्या दादांकडून, ते स्वतः तिथे जाणारे म्हणून.

लोकांना माहीत नसतं त्यात ग्रुपवाल्यांचा दोष नाही. एएच्या परंपरेतच आहे की पेपर, रेडिओवर आपलं नाव सांगायचं नाही, जाहिरातबाजी करायची नाही, बाहेरची देणगी घ्यायची नाही. मीटिंगमध्ये पिशवी फिरते, ज्याला जमेल तो टाकतो. फी नाही, जातधर्म कोणी विचारत नाही, दारू सोडायची इच्छा पाहिजे एवढीच अट. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात शेअर बाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघंही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले तिथून हे सुरू झालं आणि आजही मुख्य काम तेच आहे, बोलणं. कोणी लेक्चर देत नाही, एकेक जण शेअरिंग करतो, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगतो, बाकीचे मधे न बोलता ऐकतात. भावाला तिथे आयुष्यभर सोड असं कोणी म्हटलं नाही, आजचा दिवस पिऊ नको म्हणाले. मधे त्याची स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला, तेव्हा ग्रुपमधलेच दोघं घरी येऊन त्याला मीटिंगला घेऊन गेले. आज तो सोबर आहे, दारूला शिवत नाही.

आई आणि वहिनी अल-अनॉनला जायला लागल्या. ही दारू तुमच्यामुळे लागली नाही आणि तुमच्याने ती आवरणारही नाही, हे आईला पहिल्यांदा तिथे कोणीतरी सांगितलं. तोवर आख्खी भावकी तिलाच बोल लावत होती.

आता थोडं कडक लिहिते, राग मानू नये. पेपरांच्या छोट्या जाहिरातींत 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' असं छापून येतं, भाजीत कालवायची पावडर म्हणे. त्यात काय असतं कोण तपासतं? डायसल्फिरम नावाची गोळी आहे, डॉक्टर ती पेशंटला तपासून, सगळं सांगून देतात, कारण ती पोटात असताना दारू प्यायली तर उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी पडतं, जिवावर बेतू शकतं. असली गोष्ट कोणाला नकळत द्यायची? या जाहिराती आपण तरी घेऊ नका.

एम्सच्या २०१९ च्या अहवालात आहे की देशात ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कसलेतरी उपचार मिळतात. बाकीचे ३७ कुठे जातात? मग पावडरवाल्याला नाहीतर बुवाला गाठतात.

ओळीबरोबर एक सूचनाही द्या. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरणं, भास, अगदी फिटसुद्धा येऊ शकते, म्हणून आधी डॉक्टर, सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग चालेल, आणि ग्रुप त्याच्या जोडीला. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय, तिथेही डिस्चार्जनंतरच्या फॉलोअपला फार महत्त्व देतात. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन आहे, तो नंबर तर रोज छापायला हरकत नाही. खेड्यातल्या माणसाला शेवटच्या एसटीमुळे मीटिंग गाठता येत नाही, बायकांना तर आपण पितो हे सांगायचीच चोरी, त्यांच्यासाठी लॉकडाऊनपासून मोबाइलवरच्या ऑनलाइन मीटिंग आहेत तेही लिहा.

मीटिंगच्या जागा, वेळा बदलत असतात, तेव्हा मधून मधून ग्रुपकडून खात्री करून घ्यावी. जाणाऱ्यांपैकी कोणाचं नाव किंवा फोटो मात्र कधीच छापू नये, आणि माझंही नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक वाचक भगिनी