मोदक खाऊ नकोस

पुणे,
12 जानेवारी

प्रिय ठमे,

पार्सल पोचलं असेल. तू डबा आधी उघडतेस आणि पत्र नंतर वाचतेस, म्हणून झाकणावरही लिहिलंय, आता इथेही लिहिते: ते मोदक खाऊ नकोस. मेणाचे आहेत. बारा आहेत. पिवळट चार वाळ्याचे, पांढरे सहा मोगऱ्याचे, आणि उरलेले दोन कशाचे ते शेवटी सांगते.

हसू नकोस, ही सूचना अनुभवातून आली आहे. गणपतीत माझ्या नणंदेचे यजमान आले होते. त्यांना मधुमेह, त्यामुळे सगळे त्यांच्या ताटावर डोळा ठेवून. मी नुकतेच साच्यातून काढलेले मोगऱ्याचे मोदक घट्ट व्हायला फ्रीजमध्ये ठेवले होते. दुपारी सगळे आडवे झाल्यावर स्वयंपाकघरात फ्रीजचं दार वाजलं. संध्याकाळी ते जाताना मला हळूच म्हणाले, "वहिनी, ते पांढरं चॉकलेट जरा जून झालंय हो." तक्रार करावी तर चोरी उघडी पडते! नशिबाने एक घास चावून थुंकला होता. तेव्हापासून आमच्याकडे मेण फ्रीजमध्ये जात नाही. आणि साचे मोदकाचे कशाला वापरायचे, हे तू विचारायच्या आधी सांगते: सिलिकॉनचे तेवढेच घरात होते.

आता हे आहे काय, ते. इंग्रजीत वॅक्स मेल्ट म्हणतात. बिनवातीची मेणबत्ती समज. छोटा तुकडा दिव्याच्या वरच्या वाटीत ठेवायचा, खाली टी-लाइट, म्हणजे बुटकी मेणबत्ती, लावायची. मेण विरघळतं आणि त्यातला वास खोलीत पसरतो. मेण स्वतः जळत नाही आणि उडूनही जात नाही. टी-लाइट विझवली की पुन्हा थिजतं. चार-पाच वेळा लावून झालं की वास संपतो, पण मेण जवळपास तेवढंच राहतं. ते कोमट असताना कापसाने टिपून कचऱ्यात टाक. सिंकमध्ये अजिबात ओतू नकोस. पाइपात जाऊन थिजलं की प्लंबर येतो आणि तुझ्याकडे बघून मान हलवतो. (हाही अनुभवच.)

या फंदात पडले ती अगरबत्तीमुळे. सासऱ्यांना दमा आहे, डॉक्टरांनी धूर पूर्ण बंद करायला सांगितला. अगरबत्ती गेली, धूप गेला. देवघरात निरांजन लागायचं, पण वास काही नाही. रविवारी सुरमई तळली की तो वास मात्र मंगळवारपर्यंत. दमेकऱ्याला उग्र सुगंधही सोसत नाही, तेव्हा मी ही वाटी देवघरात नाही, बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवते, खिडकी उघडी ठेवून, जेमतेम अर्धा तास. ते स्वतःच म्हणतात, "लाव थोडं, पण माझ्या खोलीचं दार ओढून घे."

करायला सोपं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. मी सोया मेण वापरते. सोयाबीनच्या तेलाचं हायड्रोजन घालून घट्ट केलेलं, म्हणजे नात्याने आपल्या वनस्पती तुपाचं चुलत भावंड. 1990 च्या दशकात अमेरिकेत हे पुढे आलं, त्याआधी बाजारात बहुतेक सगळं पॅराफिन, म्हणजे खनिज तेलातलं. पातेल्यात पाणी, पाण्यात दुसरं भांडं, त्यात मेणाचा चुरा. गॅसवर थेट कधीच नाही. 80-85 अंशांवर गेलं की गॅस बंद करून सुगंधी तेल घालायचं आणि दोन मिनिटं हलक्या हाताने ढवळायचं. मग 60 च्या आसपास उतरलं की साच्यात ओतायचं.

पहिल्या घाण्याला मी मोगऱ्याचं तेल सढळ हाताने घातलं. आपल्याला वाटतं, जास्त घातलं की जास्त वास. 100 ग्रॅम मेणात वीसेक ग्रॅम तरी गेलं असेल. सकाळी बघते तर प्रत्येक मोदकाला घाम फुटलेला, ताटलीत तेलाचं तळं. मेणाची धरायची ताकद ठरलेली असते, साधारण सहा ते दहा टक्के. आता 100 ग्रॅमला आठ ग्रॅम, आणि तेही वजनकाट्यावर, चमच्याने नाही, कारण वाळ्याचं तेल काकवीसारखं दाट आणि संत्र्याचं पाण्यासारखं पातळ, एक चमचा दोघांचा सारखा कसा होईल?

दुसरी चूक घाईची. थिजल्या थिजल्या मी एक लावून बघितला, काहीच वास नाही. चिडून डबा कपाटात कोंबला आणि विसरले. दोन आठवड्यांनी कपाट उघडलं तर साड्यांना मोगरा! सोया मेण तेल हळूहळू मुरवून घेतं, लोणच्यासारखं.

मोगऱ्याचं म्हणून जे तेल मिळतं ते बहुतेक कारखान्यातलं असतं, हे मात्र प्रामाणिकपणे सांगते. खऱ्या मोगऱ्याचा अर्क इतका महाग की मेणात घालणं म्हणजे वेडेपणा. वाळा खरा आहे, मुळांचा. मला दोघांत तोच आवडतो. माठातल्या पाण्याचा वास येतो. दुकानात गेलं की लॅव्हेंडर आणि व्हॅनिला यांच्यापुढे मजल जात नाही. मी जन्मात लॅव्हेंडरचं शेत बघितलेलं नाही, त्या वासाने मला काय आठवणार?

पहिल्या पावसाचाही वास करून बघितला. कनौजला मातीचं अत्तर करतात ना, भाजलेली माती तांब्याच्या डेगेत घालून तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. 1964 मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव देऊन निबंध लिहिला, त्यांनासुद्धा आपल्याकडच्या या अत्तराची दखल घ्यावी लागली. मी छोटीशी कुपी आणली, जीव मुठीत धरून चार थेंब घातले. लावल्यावर चाहूल लागली आणि गेली. अत्तर मनगटावर लावायचं, मेणात बुडवायचं नाही. वाळलेली बकुळीची फुलं खोचूनही बघितली. दिसायला सुंदर, वास शून्य, आणि खाली ज्योत असताना वर सुकी फुलं ठेवणं हा मूर्खपणा. फुलं काढून टाकली.

आता ते दोन मोदक. मधमाश्यांचं मेण महाबळेश्वरहून आणलं होतं. ते 62-64 अंशांशिवाय वितळत नाही, म्हणून थोडं सोया मेण आणि थोडं खोबरेल मिसळलं. सुगंधी तेल घालायला बाटली उघडली, आणि हात थांबला. वितळत्या मेणातून मध आणि खोबरेलाचा जो वास येत होता तो आजीच्या करंड्याचा होता, ठमे. तुला आठवतं, तू सुट्टीत वाईला आलीस की आजी तुला पुढ्यात बसवायची, करंड्यातलं मेण बोटाने कपाळाला गोल लावायची आणि वर पिंजर टेकवायची? तू नाक मुरडायचीस, घाम आला की लाल ओघळ येतो म्हणून. आम्ही टिकल्या लावायला लागलो आणि तो करंडा कुठल्या मांडणीवरून कुठे गेला ते मला माहीत नाही. त्या दोघांत मी काही घातलं नाही. फार दरवळणार नाहीत, वाटीजवळ नाक न्यावं लागेल.

तुझ्या मनीची काळजी घे. मांजरांच्या यकृताला हे तेलातले घटक नीट पचवता येत नाहीत. निलगिरी, टी ट्री आणि लिंबू-संत्र्याची तेलं तर मुळीच नकोत, म्हणून ती पाठवली नाहीत. बाकीचेही मनी बाहेर उंडारायला गेली की लाव, आणि वितळलेल्या वाटीपर्यंत तिची उडी पोचणार नाही असं बघ.

आणि आता माझं काम. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुझ्या वेंगुर्ल्याला सुरंगी फुलेल. वेण्या विकायला आल्या की मला चार पाठव, एसटीने नको, कुणी येणारं असेल त्याच्या हाती. सुरंगी सुकली तरी वास सोडत नाही, म्हणून मला आशा आहे. पूर्वी तिळाचे थर फुलांमध्ये ठेवून मग त्या तिळांचं तेल गाळायचे आणि 'फुलेल', म्हणजे फुलांच्या वासाचं तेल, करायचे, तसं मी खोबरेल आणि सोया मेणाचा मऊ थर ताटात पसरून त्यावर फुलं ठेवणार आहे, गॅस न लावता. रोज जुनी काढायची, नवी घालायची. म्हणून खरं तर चार नको, आठ पाठव. पैसे कळव, आणि "राहू दे गं" म्हणू नकोस, मागच्या काजूंचेही तू घेतले नाहीस.

तुझी,
चिमी

ता. क. मोदकांवर बुरशीसारखा पांढरा थर दिसला तर घाबरू नकोस, ती बुरशी नव्हे. सोया मेण थंडीत असं फुलतं. इथे सकाळी कडाक्याची थंडी आहे.